फाटकावरचं कापड

कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत एक नियम होता, कुठेच न लिहिलेला. ज्या घरचा माणूस रात्रपाळी करून आला असेल, त्या घराच्या फाटकाला सकाळी एक कापड बांधायचं. कुणाचा जुन्या लुगड्याचा काठ असे, कुणाचा फाटका टॉवेल. कापड दिसलं की दूधवाला घंटी वाजवत नसे, भाजीवाली आवाज न देता पुढे सरके, पोरं आपला विटीदांडू चार घरं पलीकडे नेत, आणि वाटीभर साखर मागायला निघालेली शेजारीण दुसऱ्या दारी जाई. हा नियम कुणी काढला ते कुणालाच सांगता आलं नसतं. पण दिवाळीतसुद्धा तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

उत्तरा सुखदेवेचं कापड निळं होतं. मनोहरच्या कामावरच्या जुन्या डांगरीच्या बाहीची ती पट्टी होती. त्यांच्या क्वार्टरचं पुढचं फाटक पत्र्याचं, छातीइतकं उंच. मनोहर सकाळी साडेसहाला सायकल आत घेई, आणि उत्तरा फाटकावरून हात पलीकडे टाकून, न बघताच, बाहेरच्या कडीला गाठ मारी. बांधायचं काम तिचं. सोडायचं काम त्याचं. पुन्हा ड्युटीवर निघताना तो सोडी आणि सायकलच्या दांडीला गुंडाळून ठेवी. पुढचं फाटक म्हणजे मनोहरच्या सायकलीचंच. बाकी सगळं जाणंयेणं मागच्या दारानं. बस थांबा मागे, शाळा मागे, सहकारी दुकानही मागेच. पुढून फक्त रस्ता होता आणि त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक.

सहा वर्षं झाली होती इथं येऊन. एकोणीसशे पंच्याहत्तरमध्ये आले तेव्हा जया चार वर्षांची. तीन आठवड्यांतला एक आठवडा रात्रपाळीचा, पण घरानं ती एका आठवड्याची शिस्त बाकीच्या दोन्ही आठवड्यांना लावून घेतली होती. नळाच्या तोंडाला उत्तरानं चिंधी बांधली होती, म्हणजे पाणी बादलीत पडताना आवाज न करता चिंधीवरून उतरावं. कुकर तिनं घेतलाच नाही. शिट्टीच्या धाकानं तिची डाळ अजून पातेल्यातच शिजे. जया दार लावताना ते जरासं उचलून धरी आणि कडी बोटाच्या आधारानं सरकवी. पाच वर्षांची असतानाच तिला हे जमायला लागलं होतं. पाहुण्यांनी कौतुक केलं असतं, पण पाहुणे फारसे येत नसत.

मायलेकी बोलत ते ओठांनीच. 'भूक लागली', 'पाटी कुठाय', 'बाबा कूस बदलून राहिले', हे सगळं आवाजाशिवाय. कधीकधी मनोहर दुपारपाळीला गेलेला असे, घरात दोघीच असत, तरी त्या तशाच बोलत.

खरं म्हणजे उत्तरा मोठ्या आवाजाच्या घरात वाढली होती. तिचे वडील रामाजी गिरणीत मागावर. आठ तास मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस घरी येऊनही ओरडूनच बोले. पाणी मागितलं तरी गल्लीला ऐकू जाई. छप्पन साली दीक्षेच्या मैदानावर ते अकरा वर्षांच्या उत्तराचा हात धरून उभे होते, आणि परत येताना त्यांनी तिला एकच सांगितलं होतं, "पोरी, आपण लय दिवस खालच्या आवाजात बोललो. आता खणखणीत बोलजो." तिनं ते मनावर घेतलं. शाळेत वाचन, कॉलेजात वक्तृत्व. बी.ए.ला असताना वसतिगृहातल्या मुलींना ती रविवारी दुपारी कादंबऱ्या वाचून दाखवी. सहासात जणी खोलीत असत. कुणी एकमेकींच्या वेण्या घालतंय, कुणी साडीला फॉल लावतंय, आणि मधोमध उत्तरा, गुडघ्यावर पुस्तक. गोष्टीतली माणसं ती वेगवेगळ्या आवाजात बोलवी. म्हातारीचा आवाज काढला की मुली हसून लोळत. बाकी कसलाही छंद तिला कधी नव्हता. विणकाम तिला येत नसे, भरतकामाचा कंटाळा. मोठ्यानं वाचणं एवढंच तिला येई, आणि कोराडीत नेमकं तेच करायला जागा नव्हती.

दरवर्षी कुणी कंत्राटदार मनोहरला डायरी देई आणि मनोहर ती उत्तराला देई. पहिल्या पानावर ती संकल्प लिही. शहात्तर: रोज इंग्रजी शब्द पाच. सत्त्याहत्तर: जयावर हात उगारायचा नाही. अठ्ठ्याहत्तर: सकाळी फिरणे. त्यापुढची पानं धोब्याचा हिशोब आणि जयाच्या तापाचे आकडे यांनी भरत. मनोहरचा संकल्प एकच, तंबाखू सोडणे. तो तोंडी असे आणि संक्रांतीपर्यंत टिके.

एक जानेवारी एक्याऐंशीला मनोहर रात्रपाळीवरून आला. उत्तरानं नेहमीसारखा हात फाटकापलीकडे टाकून कापड बांधलं. आत चहा पिताना त्यानं खिशातून कागद काढला.

"उद्यापासून जनरल शिफ्ट. टेस्टिंगमध्ये टाकलं मले. सकाळी आठ ते पाच. रात्रपाळी खतम."

"खतम म्हणजे? या महिन्यापुरती?"

"कायमची वं! चहा सांडून राहिली तू."

तो झोपला. दुपारी उठल्यावर तिघं मागच्या दारानं निघाले, बस धरून सीताबर्डीला गेले, डोसे खाल्ले. उत्तरानं येताना एक मोठी सतरंजी घेतली, लाल पट्ट्यांची. मनोहरनं विचारलं, "एवढी मोठी काहून?" ती म्हणाली, "असू द्या." त्या संध्याकाळी तिनं डायरीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली: दर बुधवारी तीन वाजता घरी वाचन. बायकांना बोलावणे.

शनिवारी सहकारी दुकानाच्या रांगेत तिनं तोंड उघडलं. समोरच्या क्वार्टरमधल्या इंदूबाई पुढे होत्या, त्यांच्या पुढे प्रेमिला आणि मागच्या ओळीतल्या दोघीतिघी. इंदूबाई काटोलकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या, जाडजूड आणि मोकळ्या.

"बुधवारी तीनला या ना माझ्याकडे. मी वाचून दाखवते. तुम्ही आपलं काम घेऊन या हातात. तांदूळ निवडा, शेंगा सोला."

"वाचाले?" इंदूबाई म्हणाल्या. "आम्हाले काय परीक्षेले बसवता का वं?"

सगळ्या हसल्या. उत्तराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "गोष्ट वाचणार आहे. कादंबरी."

"लव्हष्टोरी असन तर येतो," प्रेमिला म्हणाली.

"आहे थोडी."

"मंग येतोच. थोडीच असली तरी चालते."

सात तारखेला उत्तरानं सतरंजी अंथरली. चिवडा केला. कप सात काढले, मग सात जास्त वाटतील म्हणून दोन परत ठेवले. पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिनं मनात दोनदा वाचून ठेवलं होतं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा. तीन वाजले. साडेतीन झाले. खिडकीतून पत्र्याचं फाटक दिसत होतं, बंद. मधूनमधून ट्रक जाई आणि पत्रा थरथरे. प्रत्येक वेळी तिला वाटे, कुणी हात लावला. चार वाजता चहाचं आधण गार झालं. सतरंजीवर राखेचा बारीक थर दिसायला लागला. वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख सगळ्या वसाहतीवर बसे, तिची कुणी तक्रारही करत नसे. पण त्या दिवशी उत्तरानं बोटानं त्या राखेत रेघ ओढून पाहिली.

पुढचा बुधवार संक्रांतीचा. बायका हळदीकुंकवात असणार, हे तिनं स्वतःला आधीच सांगून ठेवलं होतं. उत्तराच्या घरी हळदीकुंकू नसे, आणि तिला बोलावावं की नाही याचा बाकीच्यांना पेच पडे, हे तिला सहा वर्षांत समजलं होतं. इंदूबाईंनी त्यातून आपला मार्ग काढला होता. संक्रांतीच्या संध्याकाळी त्या स्वतः तिळगुळाचा डबा घेऊन येत, फाटकाबाहेरूनच "गोड बोला वं, उत्तराबाई" म्हणत, जयाचा गाल ओढत. पाच संक्रांती. या वर्षी त्या आल्या नाहीत.

मग उत्तराचं मन सुटलं. दुकानात मी फार शिष्टासारखी बोलले का? 'मी वाचून दाखवते' म्हणजे तुम्हाला वाचता येत नाही, असं वाटलं का त्यांना? बी.ए.चा तोरा वाटला असेल. की सतरंजीवर बसायचं, माझ्या कपातला चहा प्यायचा, हे फाटकाबाहेरच्या तिळगुळाहून वेगळं पडतं? हा शेवटचा विचार ती मनातसुद्धा पुरता करत नसे. अर्ध्यावर उठून काहीतरी कामाला लागे. कपडे आत आणले का, जया अजून का नाही आली, गॅस बंद केला ना. गॅस ती तीनतीनदा बघे. आणि दुकानात आता ती भर दुपारी जाऊ लागली, रांग नसताना.

एकवीस तारखेलाही कुणी आलं नाही. पाच वाजता जया शाळेतून आली. तिनं सतरंजी पाहिली, आईकडे पाहिलं, सतरंजीची गुंडाळी केली आणि भिंतीला टेकवली. इतक्या हळू, की भिंतीला लागलेली कळलीसुद्धा नाही. मग दप्तरातून बाईंची चिठ्ठी काढली. सव्वीस जानेवारीला कविता म्हणायला जयाची निवड झाली आहे, पाठांतर उत्तम, मात्र आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. घरी मोठ्यानं सराव करून घ्यावा.

"म्हण बघू," उत्तरा म्हणाली. "मोठ्यानं."

जयानं ओठ हलवून विचारलं, "आत्ता?"

"आत्ताच. आणि आवाजात बोल ना माझ्याशी."

"पण कापड बांधलंय ना."

"कोणतं कापड?"

"आपलं. फाटकाला." जया आता कुजबुजत होती. "रोजच असतं. म्हणून तर मी शाळेतल्या कुणाला आणत नाही. संक्रांतीला इंदूमावशी पण आल्या होत्या डबा घेऊन. कापड बघून परत गेल्या. मी रस्त्यावर होते, पाहिलं त्यांना."

उत्तरा अनवाणीच फाटकाकडे गेली. कडी काढून बाहेर आली आणि वळून बघितलं. निळं कापड राखेनं करडं झालं होतं. गाठ तिचीच होती. तीन आठवड्यांच्या दवानं आणि राखेनं ती इतकी घट्ट बसली होती की नखं लावूनही सुटेना. समोर इंदूबाईंच्या क्वार्टरचं दार लोटलेलं होतं. उत्तरा चटकन आत आली. गाठ तशीच राहिली.

साडेपाचला मनोहर आला. त्यानं सायकल लावायच्या आत तिनं विचारलं, "कापड दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना. रोज दिसते."

"मग सोडलं का नाहीत?"

"बांधणारी तू. दोन तारखेले सकाळी निघालो तर बांधलेलंच होतं. म्हटलं, आता तूच बांधून राहिली, आपल्यासाठी. मी गेल्यावर जरा निवांत पाहिजे असन तुले."

"निवांत?"

"मंग? तुले कुठं आवडते कोणी आलेलं? सहा वर्षांत कोणाले चहाले बोलावलं का तू? मी तर आमच्या लोकाईले सांगतो ना, आमच्या बाईले शांतता लागते, ती वाचनवाली हाये." तो हे कौतुकानं सांगत होता. डबा काढून तिच्या हातात देत होता.

"शांतता तुमच्यासाठी होती," उत्तरा म्हणाली. "तुमच्या झोपेसाठी."

मनोहर हसला. "माह्या? मी गिरणीच्या भोंग्याखाली वाढलेला माणूस! टर्बाइनच्या बाजूले स्टुलावर डुलकी काढतो मी. इथं तुम्ही दोघी अशा मांजरीवानी फिरत, तर मलेच उलट कधीकधी जाग येत जाय, घरात कोणी हाये का नाही म्हणून."

हातात रिकामा डबा घेऊन ती उभी राहिली. त्यानं कापडाची गाठ दातानं सोडवली, झटकली, विचारलं, "ठेवू का फेकू?" तिनं डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. मग त्यानं ते सवयीनं सायकलच्या दांडीला गुंडाळलं आणि मागच्या वाफ्यातल्या वांग्यांना पाणी घालायला गेला.

पुढचे चार दिवस जया घरात कविता म्हणत होती. उत्तरा पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जाई, मागच्या खोलीतून अंगणात, आणि तिथून ओरडे, "अजून मोठ्यानं!" जया लाल होई. तिचा आवाज गळ्यापर्यंत येई आणि तिथे काहीतरी त्याला उचलून धरी, दार उचलून धरावं तसं. सव्वीसला शाळेच्या मैदानावर माईक होता, तरी शेवटच्या ओळीत उभ्या असलेल्या पालकांना एक शब्द ऐकू आला नाही. लोक आपसात बोलायला लागले. उत्तराला मात्र कविता पूर्ण समजली. सगळ्या मैदानात जयाचे ओठ वाचता येणारी ती एकटीच होती.

अठ्ठावीसचा बुधवार आला. कापडाचं कुणाला सांगायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. चार वेळा इंदूबाईंकडे जायला निघाली आणि चार वेळा काहीतरी आठवून परत फिरली. काय सांगणार? की मी तीन आठवडे तुमच्याबद्दल काय काय धरून बसले होते? आणि दुसरी भीती याहून मोठी होती. कापड होतं तोवर कापडाला बोल लावता येत होता. आता फाटक उघडं. आता कुणी आलं नाही, तर मग खरंच आलं नाही.

तिनं सतरंजी अंथरली. चहा ठेवला नाही, चिवडा काढला नाही. तीन वाजले, सव्वातीन झाले. मग ती उठली, फाटकाचे दोन्ही पल्ले पूर्ण उघडून त्यांना विटा लावल्या, सतरंजी ओढत वरांड्यात आणली, पुस्तक घेऊन बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

पहिलं वाक्य फाटलं. सहा वर्षं न वापरलेला आवाज. मधेच खरखर, मधेच कुठल्या तरी दुसऱ्याच बाईचा वाटावा असा पातळ. एक ट्रक गेला, तिचं अर्धं पान त्याच्याखाली गेलं. तिनं ते पान पुन्हा वाचलं. दुसरा ट्रक आला तेव्हा ती थांबली नाही, तिनं आवाज चढवला. रामाजी पाणी मागत तसा. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला वळून बघत गेला. तिला लाजेनं घाम फुटला, पण डोळे तिनं ओळीवरून उचलले नाहीत. कादंबरीतली म्हातारी आली तेव्हा म्हातारीचा आवाज आपोआप निघाला.

"काय झालं वं? कोणाशी भांडून राहिल्या?"

इंदूबाई फाटकात उभ्या होत्या. हातात सूप, सुपात तुरीच्या शेंगा.

"वाचतेय," उत्तरा म्हणाली. एवढं बोलताना तिचा आवाज परत खाली गेला.

"मंग बोलवाचं नाही का? तीनदा आली ना मी! तिळगूळ घेऊन आली, तो डबा तसाच परत नेला. कापड बांधलेलं. आमचे हे म्हणत होते, सुखदेवेसाहेब जनरलले गेले. म्हटलं, मंग बरं नसन कोणाले. का उत्तराबाईले नको असन कोणी. दुकानात दिसल्या नाही तुम्ही, म्हणून तर मले पक्कंच वाटलं."

"चुकून राहिलं ते कापड."

"तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

इंदूबाईंनी तिच्याकडे बघितलं. हसतील असं उत्तराला वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. वरांड्याची पायरी चढल्या, चपला काढल्या आणि सतरंजीच्या मधोमध बसल्या. काठाला नाही, मधोमध. सूप मांडीवर घेतलं.

"चालू द्या. त्या म्हातारीचं काय झालं?"

उत्तरा वाचत राहिली. शेंगा फुटत होत्या, दाणे सुपात पडत होते. किती वेळ झाला तिनं बघितलं नाही. वीस मिनिटं असतील. प्रेमिला आली नाही, बाकीच्या दोघीतिघीही नाहीत. पान संपल्यावर इंदूबाई म्हणाल्या, "आता मले जा लागते, बाई. भाजी व्हाची हाये." जाताना मूठभर दाणे त्यांनी सतरंजीवर ठेवले. पुढच्या बुधवारी येते म्हणाल्या नाहीत आणि येत नाही म्हणाल्या नाहीत. उत्तरानंही विचारलं नाही.

त्या गेल्यावर वरांडा आधीपेक्षा रिकामा वाटायला लागला. मनोहर आता येईल, विचारील, "काय केलं दिवसभर?" आणि सांगितलं तर म्हणेल, "असं? तुले आवडते हे?" बारा वर्षांच्या संसारात त्याला हे ठाऊक नव्हतं, आणि तो कसा झोपतो ते तिला ठाऊक नव्हतं. दोघांनी एकमेकांसाठी केलेल्या त्या शांततेत मूल मात्र वाढलं होतं.

सतरंजी गुंडाळून उत्तरा पुढच्या खोलीत आली. जया शाळेतून आली ती आज पुढून, उघड्या फाटकातून. विटा बघून जरा थबकली. मग आत आली, मागे वळली, दार नेहमीसारखं उचलून धरलं आणि लावायला लागली.

"जया, तसं नको," उत्तरा म्हणाली. "साधं लाव. लोटून दे."

जयानं आईकडे पाहिलं. हात काढून घेतला आणि दार लोटलं. फार जोरात नाही, पण ते चौकटीवर आपटलं आणि कडी खणकन वाजली. आणि त्याच क्षणी दोघींनी, एकदम, झोपायच्या खोलीकडे बघितलं. तिथे पलंगावर चादर नीट घातलेली होती. उशीवर कुणी नव्हतं.